हाउसफुल्ल शो आणि अडतीस हजारांची खोट : ठाण्यातल्या एका वाद्यवृंद संचालकाचं प्रकरण

ठाण्याचं गडकरी रंगायतन, जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद, अठरा वादक, चार गायक, बाहेर 'हाउसफुल्ल'ची पाटी. रात्री हिशेब मांडला तेव्हा निर्मात्याच्या खिशातून अडतीस हजार रुपये गेले होते. रक्कम फार मोठी नाही. कार्यक्रम पडला असता तर दीड-दोन लाखांना फटका बसला असता. पण पडलेल्या कार्यक्रमाचं कारण सापडतं. जाहिरात कमी पडली, पाऊस आला, त्याच दिवशी क्रिकेटची फायनल निघाली. भरलेल्या थिएटरात तोटा झाला की माणूस गांगरतो, कारण पुढच्या वेळी आणखी काय चांगलं करायचं तेच कळत नाही. खुर्च्या जेवढ्या आहेत तेवढ्याच राहणार.

हे प्रकरण त्या तोट्याचं आणि तो ज्यांच्या वाट्याला आला त्यांच्या कारकिर्दीचं आहे. नाव मुद्दाम देत नाही. वादक त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांच्या काही शोंचे हिशेब मी लिहिले आहेत. पुढचे आकडे त्याच वहीतले आहेत, फक्त गोल केलेले.

पेटीवरून ॲकॉर्डियन, ॲकॉर्डियनवरून संचालकाची काठी

दादा नौपाड्यातले. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. पेटीवर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत ते विशारद झाले, आणि मग त्यांना ॲकॉर्डियनने ओढलं. एनॉक डॅनियल्स यांच्या ॲकॉर्डियनवर जीव टाकणारी ती पिढी. शिकायला दादरला एका गोवेकर सरांकडे जावं लागे, आणि सरांची पहिली अट होती की पाच रेघांवरची नोटेशन वाचता आली पाहिजे. विशारद झालेल्या मुलाला पुन्हा बाराखडी गिरवायला बसवलं.

दादांच्या पुढच्या चाळीस वर्षांची भाकरी त्या बाराखडीवर चालली आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांचा इतका भरणा का होता, याचं उत्तर तिथल्या चर्चच्या शाळांत आहे. पोर्तुगीज काळापासून तिथे मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं जाई. संगीतकार चाल द्यायचा, ती पन्नास वादकांच्या कागदावर उतरवायचं काम संयोजकाचं. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८मध्ये भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांचा मेळ घालून स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मराठी माणसं या कामात नंतर भक्कम उतरली. अनिल मोहिले यांनी लता मंगेशकरांच्या जाहीर कार्यक्रमांचं संयोजन केलं, समोर उभं राहून वाद्यवृंदही चालवला. दादांच्या डोळ्यापुढे चित्र होतं ते तेच. झुबिन मेहतांचं कौतुक त्यांना आहे, पण तो रस्ता आपला नव्हे हे त्यांना लवकर कळलं होतं. सिंफनीच्या संचालकासमोर लिहिलेली स्वरलिपी असते आणि पगारी वादक असतात. दादांकडे दोन्ही नव्हतं. जुन्या सिनेगीतांच्या हस्तलिखित स्वरलिप्या बहुतेक कुणी जपल्याच नाहीत. रेकॉर्ड लावायची, कान देऊन एकेका वाद्याचा पीस, म्हणजे त्याने वाजवायचा तुकडा, वेगळा काढायचा आणि कागदावर उतरवायचा. एका गाण्याला कधी आठवडा लागतो.

आधी ते इतरांच्या वाद्यवृंदात वाजवत, मधून स्टुडिओची कामं येत. १९८३मध्ये कीबोर्ड आणि संगणक जोडणारी 'मिडी' ही पद्धत आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्टुडिओतली व्हायोलिनची रांग आटत गेली. वीस जणांचं काम एक कीबोर्डवाला करू लागला. दादांना स्टुडिओतून बोलावणं येईना, तसे ते रंगमंचाकडे वळले. दुसऱ्यांच्या शोंचं संयोजन करता करता त्यांच्या लक्षात आलं की वादक कोण, गाणी कोणती, तालमी किती हे सगळं निर्माता ठरवतो. मग निर्माताच का होऊ नये? हा प्रश्न त्यांना पन्नाशीत पडला. वहिनींनी त्या वेळी हो म्हटलं, पण हिशेबाची वही आपल्या हातात ठेवली. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात शहाणा निर्णय तोच.

दोन माणसं, एक खिसा

संचालक आणि निर्माता एकच असला की काय होतं, ते तालमीत दिसतं. रविवारची सकाळ, नौपाड्यातल्या एका शाळेचा हॉल. गायिका म्हणाली, मूळ गाणं काळी दोनमध्ये आहे, मला तेवढं वर जात नाही, पांढरी एकला, म्हणजे खालच्या पट्टीत, घेऊ. गायिकेला ते सोपं आहे. पेटीवालाही सूर बदलून मोकळा होतो. पण त्या गाण्यात मुखड्याआधी व्हायोलिनचा एक पीस आहे, तो मंद्र मध्यमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'म'पर्यंत, उतरतो. काळी दोनला हा मध्यम व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या तारेवर पहिल्या बोटाशी मिळतो. पांढरी एकला तो तारेच्याही खाली जातो, म्हणजे व्हायोलिनवर तो सूरच नाही. दादांनी पेन्सिल काढली, सहाही व्हायोलिनच्या कागदांवर शेवटचे दोन स्वर खोडले आणि चेलोच्या कागदावर लिहिले. खाली बासरीवाल्यासाठी तेच सरगममध्ये, देवनागरीत. त्याला पाच रेघा वाचता येत नाहीत, आणि ठाण्यात तसा बासरीवाला शोधायला गेलं तर शो होणार नाही. हॉलचं भाडं तासावर चालू होतं. चेलोवाल्याने पीस वाजवला, दादांनी डोळे मिटले, पुन्हा म्हणाले. पुन्हा. दाराशी बसलेल्या वहिनी घड्याळ बघत होत्या.

या सगळ्याचा खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा? प्रेक्षकाने तिकीट गाण्याचं काढलेलं असतं. तो पीस कीबोर्डवर वाजला असता तरी शंभरातल्या नव्वद जणांना फरक कळला नसता. उरलेले दहा जण दादांचे खरे प्रेक्षक, आणि तेही तिकिटाला तेवढेच पैसे देतात.

आता त्या हाउसफुल्ल शोचा हिशेब. जागा साधारण हजार. त्यातल्या ऐंशी पासमध्ये गेल्या, कारण पाहुणे, पुढारी, प्रायोजकाचे नातेवाईक यांना नाही म्हणणं दादांच्या रक्तात नाही. तिकीट पाचशे, चारशे आणि तीनशे. जमा झाले तीन लाख ऐंशी हजार. खर्चात अठरा वादकांची नाइट, म्हणजे एका शोचं मानधन, तालमी धरून माणशी सहा हजार, म्हणजे एक लाख आठ हजार. गायक आणि निवेदक मिळून नव्वद. साउंड, स्टेज मॉनिटर आणि लाइट पंचाहत्तर. नाट्यगृहाचं भाडं, परवाने, गाण्यांचे हक्क असं मिळून पन्नास. जाहिरात आणि तिकीटविक्रीचं कमिशन साठ. तालमीची जागा, वाद्यांचा टेम्पो, चहा-वडापाव पस्तीस. बेरीज चार लाख अठरा हजार. दादांची स्वतःची नाइट यात धरलेलीच नाही. स्वरलिपी लिहिण्यात गेलेल्या रात्रीही नाहीत.

तिकीट वाढवा, असं कुणीही म्हणेल. दादांनाही तसं वाटलं. पण जानेवारी २०१८पासून संगीताच्या कार्यक्रमाचं पाचशे रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मोकळं आहे. पाचशेच्या वर एक रुपया गेला की सगळ्या तिकिटावर अठरा टक्के लागतात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच नको, पण दादा बाहेरचे शो धरून ती रेघ ओलांडून बसले आहेत. सहाशेचं तिकीट केलं की प्रेक्षकाला ते सातशे आठला पडतं. शंभर रुपयांसाठी प्रेक्षकाला दोनशे आठ मोजायला लावायचे, तेही ज्येष्ठ नागरिकांना? या गाण्यांचा प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचा आहे. म्हणजे छत आधीच ठरलेलं. एकही सूर वाजण्यापूर्वी पाचशे गुणिले हजार या आकड्याच्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्या तीन चतुर्थांशावर समाधान मानायचं.

दादांचा आणखी एक गैरसमज या शोच्या वेळी दूर झाला. त्यांना वाटायचं, आपण रेकॉर्ड वाजवत नाही, स्वतः वाजवतो, मग कसले हक्क? रेकॉर्डचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा वेगळा. गाणं स्टेजवर गायलं की गीतकार-संगीतकारांचा हक्क येतो, आणि त्याचा परवाना आयपीआरएस या त्यांच्या नोंदणीकृत संस्थेकडून घ्यावा लागतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या गाण्यांतही गीतकार-संगीतकारांचा वाटा कायद्याने शाबूत आहे. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की ती सूट गेली. दादा आधी चिडले, नंतर म्हणाले, सावळारामांच्या गावात गीतकाराचे पैसे बुडवणं बरं दिसत नाही. गीतकार पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते हे नव्या वादकांना ठाऊक नसतं, दादा ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

कोणाला कमी करायचं

अठरावरून अकरावर आलो तर बेचाळीस हजार वाचतात, तोटा भरून निघतो. वहिनींनी हे वहीत लिहून ठेवलं होतं. खाली नावं लिहायची जागा रिकामी सोडली होती.

गाणाऱ्या माणसांच्या धंद्यात हा पेच जुनाच आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६मध्ये तो मांडला. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तितक्याच माणसांकडून जास्त माल निघतो, मजुरी वाढते. तार-वाद्यांच्या चौकडीला मात्र बीथोव्हेनची रचना वाजवायला पूर्वीही चार माणसं लागत, आजही चारच लागतात, वेळही तेवढाच. पण त्या चौघांना घरभाडं आजच्या भावाने द्यायचं असतं. वागळे इस्टेटमध्ये वडिलांच्या कारखान्यात कामगार कमी होत गेले तेव्हा दादा संपाच्या बाजूने बोलत. आता वही त्यांच्याच घरात होती.

पहिला प्रयोग त्यांनी ट्रॅकचा, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या वादनाचा, केला. व्हायोलिनची रांग लॅपटॉपवर, बाकी वादक हजर. ढोलक, तबला आणि गिटारला कानात क्लिक, म्हणजे ट्रॅकची लय सांगणारी टिकटिक. वाशीच्या एका शोमध्ये तिसऱ्या गाण्याला शिट्ट्या पडल्या, गायकाला चेव आला आणि त्याने मुखड्याची ओळ दोनदा जास्त घेतली. लॅपटॉपला शिट्टी ऐकू येत नाही. त्याने आपल्या वेळेवर व्हायोलिन सुरू केली. तबलजी गायकाबरोबर राहिला, गिटारवाला क्लिकबरोबर गेला, आणि चार-सहा मात्रा दोन गाणी एकाच वेळी चालली. दादांनी साउंडवाल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवला. लॅपटॉप बंद झाला, गाणं सहा जणांवर पार पडलं. लोकांनी टाळ्या दिल्या, काहींना काही कळलंही नाही. पण 'वन्स मोअर' आला तेव्हा गायकाने दादांकडे पाहिलं आणि दादांनी मान हलवून नाही म्हटलं. वाद्यवृंदाच्या शोमध्ये वन्स मोअर नाकारणं म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकालाच कळेल.

त्यानंतर क्लिक फक्त मेडलीला, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या गाण्यांच्या तुकड्यांना, जिथे लय बांधलेलीच असते. अंतऱ्याखाली ट्रॅक कधीच नाही.

मग संख्येचा खरा विचार झाला. दादांचं म्हणणं असं की सहा व्हायोलिनची तीन करता येतील, दोन करता येणार नाहीत. ऐकायला विचित्र वाटतं, पण वाद्यवृंद लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. दोन व्हायोलिन एकच ओळ वाजवू लागली की त्यांच्या सुरातला बारीकसा फरक उघडा पडतो आणि कानाला खुपतो. एकटं व्हायोलिन चालतं, कारण फरक पडायला दुसरं नाही. तीन झाली की फरक एकमेकांत मिसळून त्याची रांग होते. तीन व्हायोलिन, एक चेलो, आणि त्यांच्याखाली कीबोर्डवरचा स्ट्रिंगचा हलका थर. वरचा घासण्याचा आवाज खऱ्या धनुकलीचा, खालचा भराव कीबोर्डचा. पाचव्या रांगेत बसून मी डोळे मिटून ऐकलं, अठरांची आठवण फक्त दोन गाण्यांत आली.

अठराचे पंधरा झाले. साइड रिदमवाल्याचं, म्हणजे छोटी तालवाद्यं वाजवणाऱ्याचं, काम ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावरच्या वादकाने घेतलं, चौदा. आणि तेराव्या आकड्यासाठी ॲकॉर्डियनवाला गेला. तो दादांचा पंचवीस वर्षांचा सोबती. दादांना स्वतःला ॲकॉर्डियन येत असताना दुसऱ्याला नाइट कशाला, हा वहिनींचा प्रश्न हिशेबाला धरून होता. दादांनी त्याला स्वतः सांगितलं नाही. निरोप तालमीच्या आदल्या रात्री व्यवस्थापकाकडून गेला. इथे माझं मत दादांच्या विरुद्ध आहे. माणूस कमी करणं भाग होतं हे मला पटतं, पण पंचवीस वर्षांच्या माणसाला फोन करायला दहा मिनिटं लागतात. तो आता डोंबिवलीच्या एका वाद्यवृंदात वाजवतो आणि दादांच्या शोला येत नाही.

दादा मात्र ॲकॉर्डियन गळ्यात घालून उभे राहिले आणि शोचं रूप बदललं. दोन्ही हात गुंतलेले, मग काठी कशाने हलवणार? ते हनुवटीने खूण देतात. भाता उघडतात तेव्हा व्हायोलिनने आत यायचं, खांदा पडला की थांबायचं. तिसऱ्या तालमीला सगळ्यांना ते बसलं. निरोपाची गोष्ट बाजूला ठेवली तर मला दादा आता जास्त चांगले संचालक वाटतात. काठी हातात असताना ते थोडे दाखवायला उभे असत.

बाकीचा संसार

पाच वादक कमी झाल्याने तीस हजार वाचले. उरलेले आठ हजार पासांत होते. वहिनींनी ऐंशीचे पन्नास पास केले आणि पास मागणाऱ्यांना आपला नंबर द्यायला सांगितलं. मागणारे आपोआप घटले. तेव्हापासून गडकरीचा शो बरोबरीवर सुटतो, कधी दहा-बारा हजार उरतात. यावर घर चालत नाही हे सांगायला नको.

घर चालतं कॉन्ट्रॅक्ट शोवर. सात वादकांचा संच, ठरलेली रक्कम, तिकिटाची कटकट नाही. घोडबंदर रोडच्या सोसायट्या, नवी मुंबईतले ज्येष्ठ नागरिक संघ, बँकांचे स्नेहमेळावे, नवरात्र, दिवाळी पहाट. दिवाळी पहाटेला फलकावर नेत्याचा फोटो गायकाच्या चौपट असतो, दादा म्हणतात तेवढा चेक वेळेवर आला तर आठपट असू दे. या शोंमध्ये दादांना एक धडा मोकळ्या मैदानाने दिला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत मुभा देतं, पण कोजागिरी दर वेळी त्यात असेलच असं नाही. दूध चंद्र वर आल्यावर आणि गाणी दहाच्या आत. एकदा नेमकं सगळ्यात गाजलेलं गाणं शेवटाला ठेवलं होतं आणि दहाला पोलीस आले. आता मैदानी शोची यादी उलटी असते. साडेनऊपर्यंत हुकमी गाणी संपवायची, मग दोन शांत भावगीतं, दहाला पाच कमी असताना आभार. बंद नाट्यगृहाला ही अट तशी लागू होत नाही, तिथे मात्र पुढच्या सत्राचा नाटकवाला सेट घेऊन मागच्या दाराशी उभा असतो.

त्याच नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डिसेंबर २०१९ला यू-टू आले, जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेचे तीन शो झाले. तिथली तिकिटं हजारोंची, तिथे पाचशेची रेघ कुणाला आठवतही नाही. तरुण वादक विचारतात, आपला शो तसा का नाही होत. दादा त्यावर चर्चा करत नाहीत. एवढंच म्हणतात की तिथे साउंड चेकला जेवढा वेळ मिळतो तेवढा मला एकदा मिळू दे.

गेल्या दोन वर्षांत एक नवी कमाई सुरू झाली आहे, तीही वहिनींच्या डोक्यातून. चाळीस वर्षांत दादांनी हाताने लिहिलेल्या स्वरलिप्या माळ्यावर ट्रंकांत होत्या. भाचीने त्या संगणकावर चढवायला घेतल्या. पुण्या-नाशिकचे वाद्यवृंद आता त्यांच्याकडून गाण्याचा तयार संच भाड्याने नेतात, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, गायकाच्या पट्टीत बदलून. संगणकावर पट्टी बदलायला क्षण लागतो. तरी दादा प्रत्येक कागद स्वतः तपासतात, कारण पांढरी एकला व्हायोलिनचा मंद्र मध्यम संगणकही मुकाट्याने छापून देतो. मूळ चालीचे हक्क ज्याचे त्याचे, परवाना वाजवणाऱ्याने घ्यायचा, हे वहिनी प्रत्येक पावतीवर छापतात. या भाड्यातून येणारी रक्कम अजून लहान आहे, पण तिला थिएटरच्या खुर्च्यांचं छत नाही. दादा स्वतःला अजून संचालक म्हणवतात, निर्माता हा शब्द नाइलाजाने. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात टिकाऊ गोष्ट मात्र माळ्यावरून उतरलेला कागद ठरेल.

पुढच्या हंगामासाठी गडकरीच्या दोन तारखा मागितल्या आहेत. दादांना एका शोला चौथं व्हायोलिन हवं आहे, एकाच गाण्यासाठी. त्यात व्हायोलिनच्या दोन ओळी समोरासमोर येतात, आणि वरची ओळ एकट्याने वाजवली तर दुसऱ्या ओळीला तीन उरतात. वहिनींनी सहा हजारांचा रकाना आखून ठेवला आहे. मंजुरी अजून दिलेली नाही.